वाणाच्या नावात नसलेली माणसे

कृषी महाविद्यालयांच्या आणि संशोधन केंद्रांच्या वार्तापत्रांत एक पान ठरलेले असते. 'प्राध्यापक व कर्मचाऱ्यांची उल्लेखनीय कामगिरी' अशा काहीशा मथळ्याखाली त्यात शोधनिबंध, परिषदांतील सादरीकरणे, प्राप्त झालेल्या आचार्य पदव्या, पेटंट, पुरस्कार आणि पदोन्नती यांची नोंद असते. ज्यांचे नाव त्या पानावर येते त्यांना आनंद होतो आणि तो रास्तच आहे. एका शोधनिबंधामागे चार-पाच हंगामांची पायपीट असू शकते. तथापि विस्तार कार्यकर्ता आणि प्रगतशील शेतकरी हे पान बहुधा चटकन उलटतो. या कामातून आपल्या बांधापर्यंत नेमके काय आले, याचे उत्तर त्याला तेथे मिळत नाही. आणि जे बांधापर्यंत खरोखर आले आहे ते कोणाच्या हातून आले, हेही त्या पानावर नसते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या उणिवेविषयी आहे.

तिचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी थोडे शेतीबाहेर जाऊ. भिलाईचे हथखोज हे अवजड उद्योगांचे क्षेत्र म्हणून ओळखले जाते. पोलादी बांधणीच्या प्रमाणित कामात एक शिस्त असते. पुलाचा गर्डर असो वा दाबाखाली चालणारी टाकी, महत्त्वाच्या जोडाशेजारी तो जोड ज्याने केला त्या वेल्डरचा क्रमांक उमटवला जातो. पुढे कधी जोडाला तडा गेला तर क्रमांकावरून माणूस सापडतो. आणि जोड वर्षानुवर्षे टिकला तर तो कोणाच्या हातचा, हेही सापडते. श्रेय आणि जबाबदारी एकाच खुणेत सामावलेली असतात.

कारखान्यांची रांग संपते तेथून दुर्ग जिल्ह्याचा धानाचा मुलूख लागतो. या मुलखातील बियाण्याच्या पोत्यावर टॅग असतो: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. टॅगवरील लॉट क्रमांकावरून बीजोत्पादनाचा प्लॉट शोधता येतो. मात्र त्या वाणाची पहिली लोंबी कोणी निवडली, दहा-बारा पिढ्या ती ओळ कोणी भेसळीपासून राखली, याचा माग टॅगवरून लागत नाही. लोखंडाच्या जोडाला जी खूण आहे ती बियाण्याला नाही.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वाचकांना रायपूर-दुर्गचे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही. गोंदियाहून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई असा रुळांचा मार्ग जातो, तसाच धानाचा पट्टाही अखंड जातो. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता. रायपूरजवळच्या लभांडी प्रक्षेत्रावर १९०३ पासून शेतीचे प्रयोग होत आले आहेत आणि आज तेथेच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचे मुख्यालय आहे. हे विद्यापीठ २० जानेवारी १९८७ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी रायपूरचे कृषी महाविद्यालय जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा भाग होते. हे जबलपूर लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

रायपूरच्या विद्यापीठाकडे भाताच्या २३,००० हून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. जगातील मोठ्या भात संग्रहांत त्याची गणना होते. हा संग्रह कोणाची कामगिरी, असे विचारले तर जाणकार डॉ. राधेलाल रिछारिया यांचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. १९५९ मध्ये ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यास परदेशी बुटके वाण घाईने देशात आणू नयेत, त्यांच्याबरोबर रोग येतील, अशी भूमिका त्यांनी घेतली. मतभेद विकोपाला गेले आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९७० च्या दशकात रायपूरला मध्य प्रदेश शासनाची भात संशोधन संस्था उभी राहिली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी छत्तीसगडातील व मध्य प्रदेशातील सुमारे १९,००० देशी भातांचे नमुने जमवले आणि शेतात लावून जिवंत राखले.

या कामाचा खर्च आणि मनुष्यबळ किती होते, याची जी हकीकत सांगितली जाते ती विस्तार कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. वार्षिक तरतूद सुमारे २०,००० रुपये. सहकारी म्हणून दोन कृषी पदवीधर आणि सहा ग्रामपातळीवरील कार्यकर्ते. एवढेच. १९,००० नमुने म्हणजे १९,००० वेगळ्या ओळी, तितक्याच चिठ्ठ्या, तितक्याच पिशव्या. प्रत्येक ओळीची फुलोऱ्याची तारीख वेगळी, कापणीची वेगळी. हळव्या जाती आश्विनातच कापणीला येतात, गरव्या कार्तिक ओलांडतात. एका ओळीची लोंबी दुसरीच्या पेंढीत पडली की तो नमुना संपला. कागदावर तो राहतो, शेतात राहत नाही. हे सांभाळायला संचालकाची विद्वत्ता पुरत नाही. रोज सकाळी चिखलात उतरून, 'ही ओळ काल अशी नव्हती' असे ओळखणारा डोळा लागतो. सहा कार्यकर्त्यांचे डोळे ते काम करीत होते. हकिकतीत मात्र ते सहाही जण संख्येनेच येतात.

गावातील ज्या शेतकऱ्यांनी ओंजळभर बी दिले त्यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. एकेका जातीला गावात नाव होते, ती कोणत्या शेताला मानवते, कोणत्या सणाला रांधली जाते, कोणत्या भाताचा पोहा चांगला होतो, याची माहिती होती. बियाण्याबरोबर ही माहिती लिहून घेणे हेही ग्रामकार्यकर्त्यांचेच काम. आजच्या भाषेत त्याला पासपोर्ट माहिती म्हणतात. नमुन्याची किंमत या माहितीवर ठरते. नाव-गाव नसलेले बी पैदासकाराला अंधारातील खड्यासारखे असते.

२००२ मध्ये या संग्रहाचे मोल एकदम चव्हाट्यावर आले. सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाची संकरित भात संशोधनासाठी सहकार्याची बोलणी चालली होती. संग्रहातील वाण खासगी हाती जातील, या भीतीने शेतकरी संघटना आणि नागरिक रस्त्यावर आले आणि त्या वर्षअखेरीस कंपनीने माघार घेतली. सहकार्य योग्य होते की अयोग्य, या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्षणीय गोष्ट अशी, की ज्या ओळी एके काळी २०,००० रुपयांच्या तरतुदीत राखल्या गेल्या, त्यांच्यावर कोणाचा हक्क यासाठी राज्यभर चर्चा झाली. कामगिरीचे मूल्यमापन कधी कधी पंचवीस-तीस वर्षांनी होते. वार्षिक अहवालाचा रकाना त्याला पुरत नाही.

आता जबलपूरकडे वळू. तेथील कृषी विद्यापीठातील डॉ. जे. पी. पटेल यांनी विकसित केलेला पटेल-३ हा भात एके काळी पूर्व विदर्भातही पिकत असे. प्राध्यापकाचे आडनाव वाणाला मिळाल्याचे हे एक विरळा उदाहरण. १९८३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे आपल्या दीड एकरातील पटेल-३ पाहत असताना त्यांना पिवळसर दाण्याच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. त्यांनी त्या लोंब्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात शेताच्या मध्यभागी वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून राखण्यासाठी भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले आणि वर्षामागून वर्षे निवड करीत गेले. १९९० मध्ये गावातील एका शेतकऱ्याने त्यांच्याकडून १५० किलो बियाणे नेऊन चार एकरांत लावले आणि त्याला ९० पोती धान झाले. व्यापाऱ्याने माल घेतला, पण वाणाला नाव नव्हते. एचएमटी घड्याळांचा तो काळ. त्याने तेच नाव देऊन टाकले. निवडणाऱ्याचे नाव मागे राहिले आणि घड्याळाचे पुढे गेले. बारीक दाण्याचा हा भात विदर्भातून छत्तीसगडात आणि पुढे कितीतरी राज्यांत पसरला. ज्या प्रदेशाच्या विद्यापीठातून पटेल-३ आला होता, त्याच प्रदेशाकडे त्याचे हे अपत्य परतले, असेही म्हणता येईल.

१९९४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने प्रयोगासाठी दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हा वाण प्रसारित झाला. श्रेयावरून जो वाद पुढे उद्भवला तो वाचकांना ठाऊक आहे. या प्रकरणात संशोधकांनी केलेले शुद्धीकरणाचे काम कमी लेखणे चूक ठरेल. शेतकऱ्याच्या शेतातील निवडीत विजातीय झाडे शिल्लक असतात. एकेका लोंबीची स्वतंत्र ओळ लावून, भेसळ काढून, एकसारखे बियाणे तयार करणे आणि त्याची अनेक ठिकाणी चाचणी घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे व ते विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील कर्मचाऱ्यांनी पार पाडले. परंतु ते काम ज्या पाच किलोंवर झाले, ते पाच किलो आकाशातून पडले नव्हते. वाणाच्या शिफारशीतच मूळ निवड करणाऱ्याचे नाव ठळकपणे आले असते तर संशोधकांच्या कामाला कोणताच उणेपणा आला नसता, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. उलट दोन्ही कामे वेगवेगळी दिसली असती आणि दोन्हींचा मान राहिला असता.

दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांनी नंतर निवडलेल्या वाणांपैकी एकाचे नाव डीआरके असे आहे. ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. एका नावाचा अनुभव घेतल्यावर माणूस दुसऱ्या नावाबाबत सावध होतो.

वाणांच्या नावांचा विषय निघालाच आहे तर तो थोडा लांबवण्याचा मोह होतो. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन, एमएयूएस म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीन. बीडीएन या अक्षरांत बदनापूर आहे. भुईमुगाचा टीएजी-२४ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-ग्राउंडनट, उडदाचा टीएयू-१ म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-उडीद. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराने निर्माण केलेली सामग्री आणि अकोल्याच्या विद्यापीठाची प्रक्षेत्रे यांच्या सहकार्याची ती खूण. गावाला, संस्थेला, क्रमांकाला नावात जागा आहे. व्यक्तीला क्वचितच. पुण्याच्या गणेशखिंड फळ प्रयोग केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवडलेले द्राक्ष 'चीमा साहेबी' म्हणून ओळखले गेले. पण त्यांनीच १९३६ मध्ये आळंदी डाळिंबातून केलेली आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू टापूचे नशीब पालटणारी निवड १९७० मध्ये 'गणेश' झाली. गणपतीबाप्पाशी स्पर्धा करण्याची कोणा प्राध्यापकाची छाती असणार?

ट्रॉम्बेच्या याच परंपरेतील अलीकडचे एक नाव छत्तीसगडचे आहे : ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१, अर्थात टीसीडीएम-१. धमतरी जिल्ह्याच्या नगरी-सिहावा भागातील दुबराज हा सुवासिक भात छत्तीसगडचा मानबिंदू. त्याची अडचण जुन्या सर्व उंच भातांची : ताट उंच, वाऱ्यापावसात लोळते, तयार व्हायला वेळ लागतो, उतारा कमी. त्यामुळे शेतकरी त्याला सोडू लागले होते. भाभा केंद्र आणि रायपूरचे विद्यापीठ यांनी गॅमा किरणांच्या साहाय्याने दुबराजचे बुटके, लवकर येणारे आणि अधिक उत्पादन देणारे रूप मिळवले. सफरी-१७ या जुन्या लोकप्रिय भातावरही याच पद्धतीने काम झाले आणि विक्रम-टीसीआर हा वाण निघाला. अलीकडच्या काळात कृषी महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गाने केलेली ही कामगिरी शोधनिबंधांच्या यादीत एका ओळीत येईल. तिच्यामागील श्रम मात्र ओळीत मावणारे नाहीत.

किरण देण्याचे काम प्रयोगशाळेत अल्पावधीत उरकते. खरी परीक्षा दुसऱ्या पिढीत असते. हजारो रोपे एकेकटी लावायची आणि त्यांत हवे असलेले एक बुटके, न लोळणारे, तरीही दुबराजचा दाणा आणि सुवास राखणारे रोप हुडकायचे. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक असतात. वांझ लोंब्या, पिवळी पाने, खुरटी झाडे. सुवास तर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पान चुरगळून किंवा दाणा शिजवून पाहावा लागतो. संकरीकरणाच्या पद्धतीतही हाताचे काम असेच बारीक आहे. भाताच्या फुलात सहा पुंकेसर असतात. फूल उमलण्यापूर्वी चिमट्याने किंवा चोषण यंत्राने ते सहाही काढायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर येताना परागसिंचन साधायचे. एक पुंकेसर राहिला तर संकर नव्हे, स्वपरागसिंचन होते आणि चूक पुढच्या हंगामात कळते. ज्यांचा हात या कामात बसलेला असतो ते प्रक्षेत्र सहायक आणि शेतमजूर, त्यांत अनेक स्त्रिया, हे पैदासकाराचे खरे भांडवल. असा एक हात निवृत्त झाला की त्या केंद्राच्या यशस्वी संकरांचे प्रमाण घटते, हे पैदासकार खासगीत मान्य करतात. पद रिकामे राहिले तर अहवालात 'मनुष्यबळाचा अभाव' एवढेच येते.

दुबराजच्या बाबतीत एक समाधानाची गोष्टही घडली. नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महिला बचत गटाच्या नावे आहे. विद्यापीठाने त्यासाठी साहाय्य केले. म्हणजे एकाच भाताच्या दोन वाटा झाल्या : पारंपरिक दुबराजचे नाव गावातील स्त्रियांकडे, सुधारित दुबराजचे नाव संशोधन संस्थांकडे. अशी स्वच्छ विभागणी एचएमटीच्या काळात झाली असती तर एक दीर्घ मनस्ताप टळला असता.

तेव्हा कायद्याचा आधारही नव्हता. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्याखालील प्राधिकरण २००५ मध्ये अस्तित्वात आले. या कायद्याखाली वाणाची नोंदणी करताना मूळ सामग्री कोणत्या भौगोलिक ठिकाणाहून घेतली आणि पैदाशीत कोणा शेतकऱ्याचे, ग्रामसमुदायाचे किंवा संस्थेचे योगदान आहे काय, ही माहिती अर्जात द्यावी लागते. शेतकऱ्याने स्वतः राखलेल्या वाणाची नोंदणी त्याच्या नावे होऊ शकते आणि शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क नाही. कृषी विज्ञान केंद्रांतून अर्जाला मदत मिळते. विस्तार कार्यकर्त्याची भूमिका येथे निर्णायक ठरते, कारण योगदानाचा रकाना भरायचा तर कोणीतरी पहिल्याच हंगामात वहीत नाव लिहिलेले हवे. बी पाच वर्षे फिरल्यानंतर 'हे कोणाकडून आणले होते' असे विचारले की चार गावांची चार उत्तरे येतात.

मात्र कायद्याच्या अर्जात शेतकऱ्याला जागा झाली, तशी प्रक्षेत्र सहायकाला आणि मजुराला झालेली नाही. ती जागा संस्थांनीच द्यावयाची आहे. ११ ऑगस्ट २०२४ रोजी नवी दिल्लीत पुसा येथे ६१ पिकांचे १०९ वाण एकाच दिवशी देशाला अर्पण झाले. ४ मे २०२५ रोजी जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यांपैकी पुसा डीएसटी राईस-१ चा मूळ वाण एमटीयू-१०१० हा छत्तीसगडच्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा. अशा प्रसंगी मंचावर शास्त्रज्ञ असतात, असावेतच. पण चाचणीचे प्लॉट राखणारी माणसे त्या दिवशीही कोठेतरी प्लॉटवरच असतात.

यावर उपाय म्हणून नव्या समित्या नेमण्याची गरज वाटत नाही. वाणाच्या प्रसारण प्रस्तावास, संयुक्त ॲग्रेस्कोपुढे जाताना, आणखी एक पान जोडता येईल : संकरीकरण कोणी केले, पहिल्या पिढ्यांची निवड कोणी केली, केंद्रक बियाणे कोणत्या हंगामापासून कोणी राखले, मूळ सामग्री कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याकडून आली. नावे, पदे, हंगाम. रोजंदारीवरील मजुराचे नाव हजेरीपटावर असतेच. तेथून ते या पानावर आणायचे आहे. असे पान संस्थेच्याही हिताचे आहे. वाण प्रसारित झाल्यावर आठ वर्षांनी शेतात मिश्र झाडे दिसू लागली तर दोष बीजोत्पादनात की केंद्रक बियाण्यात, याचा शोध त्या पानावरून सुरू करता येईल.

या वार्तापत्राच्या पुढील अंकापासून कामगिरीच्या पानासाठी माहिती पाठवताना महाविद्यालयांनी व संशोधन केंद्रांनी वाणाच्या, अवजाराच्या किंवा शिफारशीच्या नावाखाली ही चार नावे पाठवावीत, अशी विनंती आहे : ज्याने कल्पना मांडली तो, ज्याने हाताने काम केले तो, ज्याने नोंदी ठेवल्या तो आणि ज्याच्या शेतातून किंवा शेतात ते आले तो शेतकरी. चारही नावे एकाच व्यक्तीची निघाली तर तसे लिहावे. कोणाचे नाव आठवत नसेल तर हजेरीपट पाहावा. तो बहुधा कार्यालयाच्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात असतो.